खुंटी का हलली, तेवढं लिहून ठेवा

मुंबईच्या उच्चदाब वीजवाहिन्यांचे मार्ग आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. महानगर आयुक्त, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण
आणि राज्याच्या पारेषण यंत्रणेचं नियोजन करणारे सर्व अभियंते

विषय: हायटेन्शन लाइनच्या मार्गाचे सर्व पर्याय मोजणीच्या खुंट्या मारण्याआधी लोकांसमोर ठेवण्याबाबत

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

भांडुपला डोंगराच्या पायथ्याशी आमची जुनी चाळ आहे. सोळा खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे नाला आणि नाल्यापलीकडे चढ. गेल्या महिन्यात एका सकाळी चाळीच्या टोकाच्या भिंतीवर लाल रंगात दोन अक्षरं आणि एक आकडा रंगवलेला दिसला: एपी ९. कोण आलं, कधी आलं, कोणी पाहिलं नव्हतं. एका वहिनींना वाटलं पुनर्विकासाची मोजणी सुरू झाली, म्हणून त्यांनी शेजारणीला पेढे आणायला सांगितले. कोणी म्हणालं पाण्याची लाइन येणार. दोघंतिघं माझ्याकडे आले, कारण चाळीत मला टॉवरवाले काका म्हणतात.

मी भिंत पाहिली आणि मला काही बोलता आलं नाही. एपी म्हणजे अँगल पॉइंट. टॉवरची सरळ येणारी रेघ जिथे वळते ती जागा. एकतीस वर्षं मी हीच अक्षरं दगडांवर, झाडांवर, देवळांच्या कठड्यांवर रंगवत आलो. सर्वेक्षणाच्या कंत्राटदारांकडे थिओडोलाइट आणि साखळी घेऊन सुरुवात केली, टोटल स्टेशन आणि जीपीएसवर निवृत्त झालो. वळण कुठे येतं आणि का येतं, हे मला नकाशा न बघताही समजतं. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

आधीच सांगतो, नवी लाइन नको असं सांगायला मी बसलेलो नाही. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास सगळी मुंबई बंद पडली तो दिवस आठवा. पडघे-कळवा भागातल्या ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती, बाकीच्या एकामागून एक ट्रिप होऊन आपोआप बंद पडल्या. बाहेरचं जाळं कोसळलं तर शहराला वेगळं काढून आतल्या विजेवर चालू ठेवायची यंत्रणा मुंबईकडे १९८१ पासून आहे. त्या दिवशी तीही शहराला सावरू शकली नाही. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या. कोरोनाचे दिवस, रुग्णालयांत जनरेटर धडधडत होते. भार जेमतेम मावेल एवढ्याच वाटा असल्या आणि त्यातली एक बंद ठेवावी लागली, की काय होतं ते आपण पाहिलं. उन्हाळ्यात मुंबईची मागणी ४,००० मेगावॉटच्या घरात जाते. तुर्भ्याचं ट्रॉम्बे वीजकेंद्र, डहाणूचे ५०० मेगावॉट, खोपोली-भिवपुरी-भिऱ्याची जलविद्युत ४४७ मेगावॉट, हे सगळं मिळूनही ती भागत नाही. उरलेली वीज बाहेरून आणायची तर तारा आणाव्याच लागणार.

त्या तारांची वाट मात्र दर दशकाला अरुंद होत गेली आहे. १९१५ साली खोपोलीची वीज परळच्या गिरण्यांपर्यंत आली, तेव्हा घाटाच्या पायथ्यापासून वाटेत भातशेती, मिठागरं आणि खाडी होती. आज त्याच दिशेने यायचं तर पनवेल, नवी मुंबई, ठाण्याची खाडी आणि मग पूर्व उपनगरांची सलग वस्ती. उत्तरेकडून वसईची खाडी आणि कांदळवन, मध्ये राष्ट्रीय उद्यान. खारघर-विक्रोळी वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि ४०० केव्हीची वीज पहिल्यांदा थेट मुंबईच्या हद्दीत उतरली. त्या वाहिनीचा विचार त्याआधी दहा वर्षांहून जास्त काळ चालला होता. तंत्रज्ञान तेव्हाही होतं. अडत होती ती जागा.

आता ही वाट शोधतात कशी, ते सांगतो. तुम्हा सर्वांना ते माहीत आहेच, पण हे पत्र वाचणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना नाही.

पहिल्यांदा कार्यालयात बसून नकाशावर दोन उपकेंद्रं जोडणाऱ्या तीनएक रेघा काढतात. त्यांना पर्यायी मार्ग म्हणतात. मग पायी फिरून पाहणी होते. नाला, रेल्वे, महामार्ग, दुसरी लाइन, शाळा, विमानतळाची हद्द, स्मशान, सगळं टिपलं जातं. तिघांतला एक मार्ग ठरतो, मग वळणांच्या खुंट्या बसतात आणि त्या खुंट्यांमध्ये टॉवरच्या जागा ठरतात. दोन टॉवरांत साधारण तीनशे ते चारशे मीटर अंतर असतं. तारेला झोळ असते, ऊन आणि भार वाढला की झोळ आणखी खाली येते, म्हणून जमिनीचा चढउतार मोजून टॉवरची उंची काढतात. तारांखालची पट्टी मोकळी लागते: २२० केव्हीला ३५ मीटर रुंद, ४०० केव्हीच्या दुहेरी वाहिनीला ४६ मीटर. म्हणजे ४०० केव्हीच्या एका किलोमीटरला ४.६ हेक्टर, आपल्या भाषेत सव्वाअकरा एकर. गावात हा आकडा सांगितला की लोक शांत होतात. मुंबईत सांगितला तर कोणाचा विश्वास बसत नाही.

या सगळ्यात खरी गोम वळणात आहे. लाइन सरळ गेली तर टॉवर हलका लागतो, तार त्यावर नुसती टांगलेली असते. दोन अंशांपर्यंतचं वळण तो सोसतो. त्याहून जास्त वळवायचं तर तारेचा ओढा एका बाजूने टॉवरवर येतो आणि तो जड, रुंद पायाचा करावा लागतो. १५ अंशांपर्यंत एक प्रकार, ३० पर्यंत त्याहून दणकट, ६० पर्यंत सगळ्यात अवजड. पोलाद वाढतं, काँक्रीट वाढतं, पायाखाली जाणारी जागा वाढते. म्हणून कुठलाही शहाणा सर्वेयर उगाच वळण घेत नाही. नकाशावर रेघ मोकळ्या जागेतून नीट चालली आहे आणि मध्येच दोन खुंट्यांपुरती बाजूला सरकून पुन्हा मूळ दिशेला लागते, असं दिसलं तर तिथे काहीतरी टाळलेलं असतं. कधी विहीर असते, कधी देवराई. कधी एखाद्या माणसाची जमीन असते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. रायगड जिल्ह्यात २२० केव्हीच्या एका लाइनचं काम होतं. नावं सांगत नाही, त्यातली बरीच माणसं आता नाहीत. ओढ्याकाठी एका विधवा बाईंची अकरा गुंठे भातजमीन होती. मी त्यांना काकी म्हणायचो, कारण दुपारची भाकरी आम्ही त्यांच्याच ओटीवर बसून खायचो, आणि रोज ताकाचा तांब्या आमच्यापुढे यायचा. आमची रेघ त्यांच्या शेताच्या बाहेरून, पडीक वरकस जमिनीतून जात होती. पुढे एका बड्या माणसाची कुंपण घातलेली जागा लागत होती. शनिवारी आम्ही खुंट्या मारल्या. सोमवारी कार्यालयातून निरोप आला की तीन खुंट्या दक्षिणेला घ्या. कारण विचारलं, तर सांगितलं तेवढं करा. घेतल्या. त्या सरकण्याने पंचवीस अंशांच्या आसपास वळण आलं, आणि त्या वळणाचा जड टॉवर काकींच्या खाचरात बसला. अकरा गुंठे म्हणजे तेहेतीस मीटर बाय तेहेतीस मीटरचा तुकडा. ३५ मीटरच्या पट्टीत तो अख्खा गेला. त्या काळी पिकाचे आणि झाडांचे पैसे मिळायचे. काकींना एका हंगामाच्या भाताचे आणि दोन आंब्यांचे मिळाले.

पाया खणायला माणसं आली त्या दिवशी काकींनी मला विचारलं, "भाऊ, ही रेघ पहिल्यापासून हितूनच होती काय?"

मी होय म्हणालो.

ते खोटं होतं. इतकी वर्षं झाली, ते माझ्या अंगावरून उतरलेलं नाही. कार्यालयातल्या कुठल्याही कागदावर जुनी रेघ शिल्लक राहिली नाही. अंतिम नकाशा तेवढा जपला गेला, आणि अंतिम नकाशात प्रत्येक वळण पहिल्यापासून तिथेच असल्यासारखं दिसतं.

तुमच्याकडे माझी मुख्य मागणी हीच आहे. मार्गाचे सगळे पर्याय, निवडलेली रेघ, आणि त्यानंतर सरकलेली प्रत्येक खुंटी, का सरकली, किती सरकली, कोणाच्या सहीने सरकली, हे सगळं मराठीत, प्रभाग कार्यालयातल्या भिंतीवर आणि तुमच्या संकेतस्थळावर लागलं पाहिजे. तेही पाया खणायच्या आधी. सरकवण्याचं कारण खरं असेल तर ते सांगायला कोणाला अडचण असायचं कारण नाही. विहीर टाळली, लिहा. शाळा टाळली, लिहा, आम्ही आभार मानू. पण ज्या कारणाची नोंद करायला सही करणाऱ्याचा हात थबकेल, त्या कारणाने खुंटी हलवायचीही नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, कायद्याने हे बंधनकारक नाही. कायदा काय सांगतो ते मला माहीत आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम १६४ खाली सरकार पारेषण कंपनीला तार खात्याचे अधिकार देऊ शकतं. ते अधिकार १८८५ च्या तार कायद्यातले. मोर्सच्या तारा टाकण्यासाठी ब्रिटिशांनी केलेला कायदा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तो बाजूला सारायची तरतूद आहे, पण विजेच्या वाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग चालू ठेवला आहे. त्याखाली जमीन संपादित होत नाही, सातबारा मालकाच्याच नावावर राहतो, कंपनीला वापराचा हक्क मिळतो आणि नुकसानीची भरपाई द्यावी लागते. मालकाने अडवलं तर जिल्हाधिकारी परवानगी देतात, रकमेवर वाद झाला तर जिल्हा न्यायाधीशांकडे जायचं. मालकाची आधी संमती घ्यायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये स्पष्ट केलं आहे.

ठीक आहे. एका मालकाच्या नकारावर सबंध शहराची वीज अडू नये, हे मलाही पटतं. वाटेतल्या पन्नास जणांपैकी एकाने हट्ट धरला म्हणून लाइन दहा वर्षं रखडलेली मी पाहिली आहे, आणि त्या दहा वर्षांत दुसऱ्या जुन्या वाहिनीवर किती ताण आला तेही. पण संमती लागत नाही याचा अर्थ हळूहळू सांगायचीच गरज नाही असा झाला आहे. नोटीस येते तोवर खुंट्या पक्क्या झालेल्या असतात. त्यानंतर लोकांच्या हातात दोनच गोष्टी उरतात, पैशाची घासाघीस किंवा खड्ड्यात उतरून बसणं. मग वर्तमानपत्रात बातमी येते की स्थानिकांच्या विरोधामुळे प्रकल्प रखडला. विरोध त्या टप्प्यावर होतो, कारण आधीच्या कुठल्याच टप्प्यावर बोलायला जागा ठेवलेली नसते.

यात वाहिनी बांधायचं काम देण्याच्या स्पर्धात्मक बोलीने आणखी एक गुंता केला आहे. बोली लागते तेव्हा रेघ अंदाजाची असते. काम मिळालेल्या कंपनीने प्रत्यक्ष मार्ग शोधायचा, जागेची भांडणं मिटवायची, आणि ठरलेल्या मुदतीत वाहिनी चालू करायची. उशीर झाला तर दंड. अशा घाईत रेघ कुठे सरकेल? ज्याच्याकडे वकील आहे त्याच्यापासून दूर, आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडे. कोणी मुद्दाम दुष्टपणा करायची गरजच पडत नाही. बोली काढायच्या आधी मार्गाची सार्वजनिक सुनावणी झाली तर कंपनीलाही जोखीम कमी, आणि तिने किंमतही कमी लावावी.

आता भरपाईबद्दल, कारण इथे मुंबईचा प्रश्न गावांहून वेगळा आहे आणि त्याकडे कोणी बघत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्टीला जास्तीत जास्त १५ टक्के मिळायचे. जून २०२४ मध्ये पायाच्या जागेचे २०० टक्के आणि पट्टीचे ३० टक्के झाले. मार्च २०२५ मध्ये शहरांसाठी पट्टीचा दर आणखी वाढला: नगरपालिका हद्दीत ४५ टक्के, महानगरपालिका आणि महानगर क्षेत्रात ६० टक्के. पायाची जागा मोजताना चार पायांच्या मधली जागा आणि चारही बाजूंना एकेक मीटर धरायचा, हेही लिहिलेलं आहे. चांगली सुधारणा आहे. काकींच्या वेळी हे असतं तर त्यांच्या लेकीच्या लग्नाला कर्ज काढावं लागलं नसतं. राज्यांना या सूचना जशाच्या तशा घ्यायची किंवा बदलायची मोकळीक आहे, म्हणून मुंबईतल्या प्रत्येक वाहिनीसाठी महाराष्ट्राने कोणता दर लावला आहे, हे मार्गाच्या नकाशासोबतच जाहीर करा.

पण हे सगळे टक्के जमिनीच्या किमतीचे आहेत. ते जमिनीच्या मालकाला मिळतात. भांडुप, मुलुंड, कांजूर, मानखुर्द, कुठेही तारांच्या जवळ राहणाऱ्या माणसाला विचारा की जमीन कोणाची. एखाद्या ट्रस्टची, जुन्या खोताच्या वारसांची, सरकारची, वन खात्याची, मिठागर आयुक्तांची. राहणारा भाडेकरू असतो, पागडीवाला असतो, झोपडीचा फोटोपास घेऊन बसलेला असतो, नाहीतर कोळीवाड्यातला, ज्याची जाळी सुकवायची जागा कोणाच्याच नावावर नाही. आमच्या चाळीचा मालक कोण यावर तीस वर्षं खटला चालू आहे. उद्या आमच्या डोक्यावरून पट्टी गेली तर साठ टक्के कोर्टात जमा होतील आणि सोळा कुटुंबं तिथेच राहतील, वर बांधायची परवानगी कायमची गमावून. कारण २२० केव्हीच्या तारेपासून इमारतीला उभं अंतर साडेपाच मीटर आणि आडवं ३.८ मीटर ठेवावं लागतं, ४०० केव्हीला ७.३ आणि ५.६. पुनर्विकासाचा नकाशा करणारा पहिला हेच बघेल आणि फाइल मिटेल. ज्याचं घर आहे, ज्याचं नळजोडणीचं आणि विजेचं बिल आहे, त्याचं नुकसान मोजायला आजच्या पद्धतीत रकानाच नाही. तो रकाना घाला. जमिनीच्या मोबदल्यातून कापून नको, वेगळा: राहणाऱ्याचं नुकसान.

दुसऱ्या बाजूचंही खरं सांगायला हवं. अनेक ठिकाणी लाइन आधी होती आणि घरं नंतर आली. जुन्या ११० केव्हीच्या तारांखाली पत्र्याचे मजले चढलेले मी स्वतः मोजले आहेत. अशा पत्र्याला पावसात हात लागला की झिणझिण्या येतात, कारण वरच्या तारेमुळे जमिनीशी न जोडलेल्या पत्र्यावर विद्युतभार साठतो. मुलं संक्रांतीला तिथेच पतंग उडवतात. मांजा ओला किंवा धातूचा असेल तर तारेला टेकायचीही गरज नसते, नुसतं जवळ जाणं पुरतं. त्या लोकांना तिथे घर कोणी घेऊ दिलं? खोली विकणाऱ्याने नकाशा दाखवला नाही, कारण दाखवायला नकाशाच नव्हता. नव्या लाइनची चर्चा होत राहील तोपर्यंत जुन्या लाइनखालच्या पत्र्यांना अर्थिंग करून द्या. एका घराला फार खर्च येत नाही. वायरमनला अर्धा दिवस लागतो.

नकाशाचा विषय निघाला आहे तर विकास आराखड्याकडे येतो. मुंबईच्या आराखड्यात रस्त्याची रेघ असते, मैदानाचं आरक्षण असतं, दवाखान्याचं असतं. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता प्रत्यक्ष यायच्या कितीतरी आधी त्याची रेघ नकाशावर होती. त्या पट्ट्यात खोली घेणाऱ्याने चौकशी केली तर कळत होतं. विजेच्या वाटेचं तसं का नाही? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे आराखड्यात विजेसारख्या सार्वजनिक सेवांसाठी जागा राखता येते. मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, हरकती ऐकाव्या लागतात. म्हणजे मी मागतो ती सुनावणी या कायद्यात आधीपासून आहे. पारेषणाचं नियोजन करणाऱ्यांना पुढच्या दहा वर्षांत कुठून किती वीज आणायची ते ठाऊक असतं. आराखडा करणाऱ्यांना कुठली जमीन अजून मोकळी आहे ते ठाऊक असतं. हे दोन नकाशे एका टेबलावर आले पाहिजेत. पट्टी राखली तर जमीनमालकाला तिथला चटईक्षेत्राचा हक्क टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणून दुसरीकडे वापरू द्या. मग तो अडवणार नाही, उलट मदत करेल. आणि नवा रस्ता होत असताना त्याच खोदाईत उच्चदाब केबलसाठी डक्ट टाकून ठेवा, मग पाच वर्षांनी तोच रस्ता पुन्हा फोडावा लागणार नाही. हे न केल्यामुळे आज टॉवरसाठी जागा शोधणारा माणूस इमारतींच्या मधल्या फटी शोधत फिरतो. निवृत्त व्हायच्या आधीची पाच वर्षं मी तेच केलं.

माझ्या शेजाऱ्यांचं म्हणणं असतं, सगळं जमिनीखालून घाला, प्रश्नच मिटला. त्यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. केबल ड्रमवर मावेल तेवढीच येते, म्हणून काही शे मीटरवर जोड घ्यावा लागतो, आणि त्या जोडाला रस्त्यात एका खोलीएवढा खड्डा लागतो. वरची तार तुटली तर काही तासांत सापडते, केबलचा दोष शोधून दुरुस्त करायला दिवस जातात. खर्च कित्येक पट, आणि तो शेवटी सगळ्यांच्या बिलात येतो. लांब पल्ल्याच्या एसी केबलची बरीचशी क्षमता तिच्या स्वतःच्या चार्जिंगमध्येच खर्च होते, ती वेगळी अडचण. कुडूस ते आरे या १,००० मेगावॉटच्या वाहिनीत सुमारे ८० किलोमीटरपैकी ५० किलोमीटर जमिनीखालून न्यायचे ठरले, आणि तिथे एसीऐवजी एचव्हीडीसी, म्हणजे उच्चदाबाची डीसी वाहिनी, निवडली गेली. पण दाट वस्तीत आणि आमच्यासारख्या डोंगरउतारावर केबल किंवा एका खांबाचा मोनोपोल हाच मार्ग बरा. जुन्याच टॉवरांवर जास्त तापमान सोसणारी, कमी झोळ देणारी तार चढवून नवी वाट न घेता क्षमता वाढवता येते. हे पर्याय तपासले की नाही, तपासले तर का नाकारले, हेही त्याच भिंतीवर लावा.

खाडीबद्दल फार लिहीत नाही, त्यावर माझ्यापेक्षा जाणकार माणसं बोलत आहेत. कांदळवन तोडायचं तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, हे २०१८ च्या निकालाने पक्कं झालं आहे, आणि त्यामुळे एक चांगली गोष्ट घडते: किती झाडं, कुठली, दुसरा मार्ग का नाही, याचं उत्तर कंपनीला शपथेवर द्यावं लागतं. खाडीतल्या झाडासाठी जे विचारलं जातं ते पडवीतल्या माणसासाठीही विचारलं जावं.

त्या लाल आकड्याबद्दल मी दोन-तीन कार्यालयांत जाऊन आलो. एका ठिकाणी सांगितलं हे आमचं नाही, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं सर्वेक्षण प्राथमिक आहे, माहिती देता येणार नाही. प्राथमिक असतानाच माहिती द्यायची असते, हे मी त्या तरुण अधिकाऱ्याला समजावायचा प्रयत्न केला. तो नम्र होता. त्याच्या टेबलावर गुंडाळलेला नकाशा होता, आणि त्याच्या कडेला मला आठ आणि दहा हे आकडे दिसले. नऊ आतल्या वळकटीत होता.

मग एका रविवारी मी चालत निघालो. पंचाहत्तरी जवळ आली आहे, गुडघे दुखतात, पण डोळ्यांना अजून रेघ दिसते. एपी ८ सापडला, नाल्याच्या अलीकडे एका खडकावर. तिथे उभं राहून पुढे पाहिलं तर सरळ समोर एक मोठी मोकळी जागा आहे, नवं पत्र्याचं कुंपण घातलेली. कुंपणावर अजून कोणाचंही नाव नाही. रेघ सरळ गेली असती तर त्या जागेच्या कडेने गेली असती. ती वळून आमच्या चाळीकडे येते. त्याला योग्य कारण असेलही. जमिनीखाली जलवाहिनी असेल, उताराची माती भुसभुशीत असेल. मी कोणावर आरोप करत नाही.

पण परवा संध्याकाळी टोकाच्या खोलीतल्या आजी माझ्या दारात आल्या. अठ्ठावन्न वर्षं त्या खोलीत राहतात, नवरा याच भागातल्या एका कारखान्यात होता. त्यांना आता कळलं आहे की आकडा पुनर्विकासाचा नाही. त्यांनी मला विचारलं, ही लाइन पहिल्यापासून इथूनच जाणार होती का.

मी त्यांना म्हटलं, आजी, मी विचारून सांगतो. म्हणून विचारतो आहे. उत्तर लेखी द्या, एपी ८ ते एपी १० च्या मूळ नकाशासकट. ते मी चाळीच्या फळ्यावर लावेन.

आपला,
भांडुपचा एक रहिवासी आणि निवृत्त लाइन सर्वेयर